कोयोटी धरण्याची गंधकृति : तिचा पाठ व तिचीं द्रव्यें

जुन्या बाडांचा ज्यांस नाद आहे त्यांस शाई, दारूकाम, अत्तरें व औषधें यांच्या कृतींचीं पानें अपरिचित नाहींत. एका बाडांतील कृति दुसऱ्यांत उतरते. उतरतांना एखादें द्रव्य गळतें, एखाद्याच्या जागीं दुसरें येतें, वजन बदलतें. आणि मूळ कृति कोणीं कधीं करून पाहिली होती किंवा नाहीं हें समजावयास मार्ग उरत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही अशाच एका कृतीचा विचार करणार आहों. ती आपल्या देशांतील नव्हे. उत्तर अमेरिकेंतील कोयोटी नांवाचा श्वानवर्गीय प्राणी सांपळ्याकडे ओढून आणण्यासाठीं तेथील शिकारी जें दुर्गंधी द्रव्य करीत, त्याची ती कृति होय. विषय दूरचा वाटेल. परंतु त्या बाटलींत हिंग आहे, कस्तुरी आहे. आणि तिच्या आधींच्या पिढीच्या कृतींत जायफळ, लवंग व दालचिनी आहे. तेव्हां येथील वाचकांचा तिच्याशीं कांहींच संबंध नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. तो संबंध नेमका किती, आणि किती नाहीं, हें ठरविणें हाच या लेखाचा हेतु.

प्रथम प्राण्याविषयीं थोडें. कोयोटी हें नांव मेक्सिकोंतील नाहुआत्ल भाषेंतील ‘कोयोत्ल’ या शब्दापासून स्पॅनिश लोकांच्या मुखें आलेलें आहे. प्राणी आपल्या कोल्ह्याहून कांहींसा मोठा व लांडग्याहून बराच लहान. मराठींत त्यास कोणी कोल्हा म्हणतात, कोणी लांडगा. दोन्हीं चूक असल्यामुळें आम्ही मूळचेंच नांव ठेवतों. शास्त्रीय नांव त्यास टॉमस से या फिलाडेल्फियाच्या प्राणिशास्त्रज्ञानें दिलें व तें इ. स. १८२३ त छापलें गेलें. त्याचा अर्थ भुंकणारा श्वान असा आहे.

सेनें दिलेलें वर्णन ज्या ग्रंथांत आहे तो मेजर लाँग याच्या रॉकी पर्वतांवरील मोहिमेचा, एडविन जेम्स यानें सिद्ध केलेला वृत्तांत होय. इ. स. १८१९-२० चा हिंवाळा या मंडळीनें मिसूरी नदीच्या कांठीं, सांप्रतच्या ओमाहा शहराच्या उत्तरेस, छावणी करून काढला. कोयोटीचा नमुना मिळविण्याचें काम टिशियन पील या तरुण सहायकाकडे होतें. त्याचे प्रयत्न सेनें ज्या क्रमानें नमूद केले आहेत तो क्रम आमच्या मतें त्या ग्रंथांतील अत्यंत मोलाचा भाग आहे. म्हणून तो येथें जरा विस्तारानें देतों.

पीलनें प्रथम सुमारें ६ फूट लांबीचा व जवळ जवळ तितक्याच रुंदीचा एक उथळ पेटारा पालथा घालून, त्याची पुढची बाजू इंग्रजी चारच्या आंकड्यासारख्या रचलेल्या काटक्यांवर उचलून ठेविली. खालीं फळ्यांची जमीन केली आणि आंत आंतडीं-कोथळा भरपूर टाकला. कोयोटी आले, पण पेटाऱ्यांत शिरण्याऐवजीं त्यांनीं जमिनीखालून बीळ उकरलें व फळ्यांच्या फटींतून आमिष खालीं ओढून नेलें. दुसऱ्या वेळीं मोठा पिंजरा केला. त्यास वरून लहानसें तोंड ठेविलें होतें. त्यांतून आंत उतरतां यावें, परत वर येतां येऊं नये. पिंजऱ्याभोंवतीं कोयोटी फिरले, आमिषाला तोंड लागावें म्हणून धडपडले, परंतु त्यांच्यासाठीं केलेल्या वाटेनें एकही आंत गेला नाहीं. तिसऱ्या वेळीं पोलादी जबड्यांचा मोठा सांपळा पाल्यापाचोळ्यांत पुरला आणि आमिष तेवढें उघडें ठेविलें. सकाळीं भोंवतालीं पावलेंच पावलें. आमिष जागच्या जागीं!

यानंतर पीलनें जी युक्ति केली ती कोणाही परीक्षकास साजेल अशी आहे. त्यानें आमिष सांपळ्यावरून काढून त्याच्या वर झाडाच्या फांदीस टांगलें, आणि तसेच मांसाचे तुकडे जवळपासच्या दुसऱ्या झाडांसही टांगले. दुसऱ्या दिवशीं पाहतां बाकीचे सर्व तुकडे नाहींसे झालेले. सांपळ्यावरचा तेवढा उरलेला. म्हणजे मांस नको होतें असें नव्हे. लोखंडाचा वास येत असावा असें मानून सांपळा हलविला, पुन्हा पानांनीं झांकला, सभोंवतीं दूरवर पाला जाळून सर्व जागा राखेनें सारखी केली. तरी सांपळ्यावरचें मांस त्यांनीं वर्ज्यच केलें. अखेर नमुना हाताला आला तो एकावर एक ओंडका तोलून ठेवून केलेल्या साध्या, वरून कोसळणाऱ्या लांकडी सांपळ्यांत.

या सर्व खटाटोपांत एक गोष्ट पीलच्या हातून झाली नाहीं. त्यानें नेहमीं मांस मांडलें. वास मांडला नाहीं. संस्कृतांत आमिष हा शब्द मांस आणि लोभ दाखविण्याची वस्तु या दोन्हीं अर्थीं चालतो, आणि या शब्दाच्या जोरावर आपण दोन निराळ्या गोष्टी एक समजतों. आमिष भुकेला बोलावतें. गंध भुकेला बोलावतोच असें नाहीं. तो जिज्ञासेला, रागाला, शेजाऱ्याच्या चाहुलीला बोलावतो. पोट भरलेला कोयोटी मांस सोडून जाईल. पण आपल्या हद्दींत दुसऱ्या कोणी मुतून ठेवलेल्या झुडपाजवळ तो थांबल्यावांचून राहणार नाहीं. हा भेद अमेरिकन शिकाऱ्यांस कोयोटीपासून कळला नाहीं. तो त्यांस कळला होता बीव्हरपासून, आणि तोही पीलच्या आधीं.

बीव्हर हा लांकडें कुरतडून नदीला बांध घालणारा जलचर उंदीरवर्गीय प्राणी. त्याच्या शेपटीच्या मुळाशीं दोन पिशव्या असतात व त्यांत पिवळसर, उग्र वासाचें द्रव्य असतें. युनानी वैद्यकांत त्यास जुंदबेदस्तर म्हणतात. युरोपीय औषधिकोशांतील त्याचें कॅस्टोरियम हें नांव बीव्हरच्या ‘कास्तोर’ या ग्रीक नांवावरून आलें. प्राणी काठावर चिखलाचे लहान ढीग करून त्यांवर हें द्रव्य टाकतो व आपली हद्द सांगतो. परका वास आला कीं हद्दीचा धनी तपासास येतो. इ. स. १८०६ च्या जानेवारीच्या ७ व्या तारखेस कॅप्टन मेरीवेदर लुईस यानें, पॅसिफिक समुद्राजवळ कोलंबिया नदीच्या मुखाशीं फोर्ट क्लॅटसॉप या छावणींत हिंवाळा काढीत असतां, या द्रव्याची शिकाऱ्यांनीं करावयाची कृति आपल्या रोजनिशींत लिहून ठेविली. आम्हांस ठाऊक असलेल्या गंधकृतींत इतकी नीट लिहिलेली दुसरी क्वचितच असेल.

कृति अशी. रुंद तोंडाची ४ औंसांची कुपी घ्यावी. बीव्हरच्या ४ ते ६ पिशव्यांतील द्रव्य हलकेच दाबून तींत काढावें. अर्धें जायफळ, १२ ते १५ ग्रेन लवंग व ३० ग्रेन दालचिनी बारीक कुटून घालावी, ढवळावें, आणि जेवणाच्या पानांत वाढण्याच्या मोहरीच्या चटणीइतकें सरसरीत होईल इतकें मद्य ओतावें. कुपी नसल्यास शिंगाची बाटली किंवा घट्ट मातीचें भांडें चालेल. वारा मात्र लागूं देऊं नये, लागल्यास गुण जातो. केल्याबरोबर उपयोगीं पडतें. परंतु चार-पांच दिवसांनीं जोर अधिक येतो व पुढें महिनेच्या महिने टिकतें. लवंग न मिळाल्यास दुप्पट ऑलस्पाइस घ्यावें. मसाला कसलाच न मिळाल्यास ससाफ्रासच्या मुळाची साल घ्यावी. या वासानें बीव्हर एक मैलावरूनही येतो असा लुईसचा अंदाज आहे.

भावप्रकाशांत अमुक द्रव्याच्या अभावीं अमुक घ्यावें अशी जी प्रतिनिधिद्रव्यांची योजना आहे, तिची वाचकांस येथें आठवण होईल. वैद्य असो कीं शिकारी, ज्याला डोंगरांत दुकान नाहीं त्याची कृति अशीच लिहिली जाते. आम्हांस मात्र दुसरीच शंका येते. बीव्हरला जायफळाची गोडी कोठून? तो साली व मुळ्या खाणारा प्राणी. बांदा बेटांचें जायफळ व सिंहलद्वीपाची दालचिनी त्याच्या वाटेला स्वप्नांतही आलेली नाहीं. काम करणारें द्रव्य पिशवींतलें. मसाला हा, आमच्या मतें, माणसाच्या नाकासाठीं घातलेला आहे: जें महाग व सुवासिक तें गुणकारी, या औषधाच्या दुकानांतील समजुतीनें. कदाचित् मद्याप्रमाणेंच तो टिकाऊपणासही उपयोगीं पडत असेल. पण एकदां कृतींत शिरलेलें द्रव्य तींतून बाहेर पडत नाहीं, हा अनुभव बाडें वाचणाऱ्या प्रत्येकास आहे.

आतां कोयोटीकडे परत येऊं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्याच्यावर व लांडग्यांवर मुख्य शस्त्र चाललें तें गंधाचें नव्हे, विषाचें. मारलेल्या गव्याच्या प्रेतांत स्ट्रिक्निन भरून माळावर टाकीत. सकाळीं लांडगे, कोयोटी, खोकड, गरुड, पाळीव कुत्रे सर्व एका ओळींत पडलेले असत. हें विष इ. स. १८१८ त पेलेतिए व काव्हेंतू या फ्रेंच रसायनज्ञांनीं वेगळें काढलें. व्यापारासाठीं तें ज्या बियांतून काढीत त्या कुचल्याच्या, म्हणजे आपल्या कोंकणांतील काजऱ्याच्या, आणि त्या हिंदुस्थानांतूनच मोठ्या प्रमाणावर परदेशीं जात. विषारी आमिषाची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. कौटिल्यानें चौथ्या अधिकरणांत, श्वापदांचें भय उत्पन्न झालें असतां मदनरस घातलेलीं जनावरांचीं प्रेतें किंवा मदन व कोद्रव भरलेली आंतडीं टाकण्यास सांगितलें आहे. आणि त्याच ठिकाणीं व्याधांनीं कूटपंजर व अवपात, म्हणजे फसवे पिंजरे व झांकलेले खड्डे, यांनीं वागावें असेंही म्हटलें आहे. पीलचा पिंजरा कौटिल्याच्या व्याधांस नवा वाटला नसता. परंतु नुसत्या वासानें श्वापद ओढण्याचा उल्लेख तेथें नाहीं.

सांपळ्याची गोष्टही याच शतकांत पालटली. न्यूयॉर्क संस्थानांतील ओनायडा येथें सूअल न्यूहाउस यानें केलेले पोलादी सांपळे तेथील एका सामुदायिक वसाहतीनें कारखान्यांत काढण्यास आरंभ केला, आणि इ. स. १८६५ त त्याच्या नांवानें शिकाऱ्यांसाठीं एक मार्गदर्शक ग्रंथही निघाला. सांपळा हातोहात मिळूं लागल्यावर प्रश्न राहिला तो जनावराचें पाऊल नेमकें त्या वीतभर जागेवर आणण्याचा. येथेंच गंधाची गरज लागली.

इ. स. १९०७ त अमेरिकन सरकारच्या जीवसर्वेक्षण खात्यांतील व्हर्नन बेली यानें लांडगे व कोयोटी यांच्या नाशाविषयीं जें लिखाण प्रसिद्ध केलें, त्यांत आमची कृति येते. गाईचें अगर हरणाचें अर्धा पौंड कच्चें मांस रुंद तोंडाच्या बाटलींत घालून उबदार जागीं, पण उन्हांत नव्हे, २ ते ६ आठवडे ठेवावें. तें पूर्ण सडून वास शक्य तितका असह्य झाला पाहिजे. मग त्यांत जनावराचें पातळ तेल ओतावें. त्यांत हिंग घालावा. त्यांत कस्तुरीचा अर्क घालावा. कस्तुरी न मिळेल तर बीव्हरच्या पिशवींतील द्रव्याची पूड घालावी. ढवळून बाटली घट्ट बंद करावी.

वाचकांनीं शेवटच्या पर्यायाकडे लक्ष द्यावें. लुईसच्या कृतींत जें प्रधान द्रव्य होतें तें शंभर वर्षांनीं प्रतिनिधि झालें, आणि त्याच्या जागीं कस्तुरी बसली. आणि हे दोन शब्दही आपसांत असेच बसलेले असण्याचा संभव आहे. अमरसिंहानें मृगनाभि, मृगमद व कस्तूरी हीं तीन नांवें एकत्र दिलीं आहेत. पहिलीं दोन उघड संस्कृत. तिसऱ्याची व्युत्पत्ति संस्कृत धातूंतून समाधानकारक लागत नाहीं. कित्येक भाषापंडितांच्या मतें तें ग्रीक ‘कास्तोर’ या शब्दावरून आलें. हें मत एकमुखी नाहीं. उलट दिशेनें प्रवास मानणारेही आहेत. परंतु बीव्हर हिंदुस्थानांत होत नाहीं, आणि दोन्हीं द्रव्यें पिशवींत सांपडणारीं, उग्र वासाचीं व गांध्याच्या दुकानांत विकलीं जाणारीं, हें पाहतां एका वस्तूचें नांव दुसरीस लागणें अशक्य नाहीं. आम्हांस पहिलें मत अधिक संभवनीय वाटतें. तसें असेल तर, आपण ज्या शब्दाचा देवाच्या तिलकांत अभिमानानें उच्चार करतों तो मूळचा एका परदेशी जलचराचा ठरतो. आणि बेलीनें कस्तुरीच्या अभावीं बीव्हर घालावयास सांगितला तेव्हां त्यानें, नकळत, शब्दाला त्याच्या माहेरीं नेलें.

हिंगाची वाट अधिक स्पष्ट आहे. एकोणिसाव्या शतकांत इराण व अफगाणिस्थान येथील हिंग मुंबईस येई व तेथून युरोपास जाई. मुंबईचे व्यापारी हिंग व हिंगरा असा भेद करीत. चांगला हिंग आपल्या स्वयंपाकघरांत राही आणि युरोपीय औषधांच्या दुकानांत जाई तो बहुधा हिंगरा, हें मुंबईचे डॉ. विल्यम डिमॉक यांच्या लिखाणावरून समजतें. अमेरिकेंत हिंग पोटदुखी व फेपरें यांवर देत. साथीच्या दिवसांत मुलांच्या गळ्यांत त्याची पुरचुंडीही बांधीत, आणि इ. स. १९१८ च्या इन्फ्लुएंझांत ही चाल पुन्हा जोरांत आली. म्हणजे बेलीच्या शिकाऱ्यास हिंग मिळाला तो गांवच्या औषधवाल्याकडे. यावरून, आपल्या पूर्वजांची गंधविद्या अमेरिकेंत पोहोंचली असें अनुमान करणारा कोणी निघाल्यास त्यास आम्ही आगाऊच सांगतों कीं तें निराधार आहे. मुंबईच्या बंदरांतून माल गेला. विद्या गेली नाहीं.

आपली गंधविद्या निराळी आहे. बृहत्संहितेंत वराहमिहिरानें गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. गंगाधराचा गंधसार व त्याजबरोबरचा मराठी टीकेसह असलेला अज्ञातकर्तृक गंधवाद हे ग्रंथ पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनीं प्रथम विद्वानांच्या नजरेस आणले आणि रामकृष्ण तुळजाराम व्यास यांनीं इ. स. १९८९ त बडोद्याहून छापले. सुगंधाच्या कृति मराठींत समजावून देणारी ही टीका आपल्या भाषेचें भूषण आहे. पण हे सर्व ग्रंथ राजाच्या, देवाच्या व विलासी पुरुषाच्या नाकासाठीं आहेत. कोयोटीच्या नाकासाठीं काय करावें हा प्रश्न त्यांच्या कर्त्यांस पडण्याचें कारण नव्हतें. आणि आपल्याकडील फासेपारधी फांस मांडतो तो जनावराच्या रोजच्या वाटेवर. त्यास बाटलीची जरूर पडत नाहीं.

बेलीनंतर इ. स. १९१५ त अमेरिकन काँग्रेसनें हिंस्र प्राण्यांच्या नाशासाठीं या खात्यास १,२५,००० डॉलर मंजूर केले, आणि शिकारी सरकारी नोकर झाले. त्यांच्यासाठीं निघालेल्या पत्रकांतून, विशेषतः स्टॅन्ली यंग याच्या लिखाणांतून, मांडणीची रीत पूर्णत्वास आली. शिकाऱ्यानें हातमोजे घालावे. जमिनीवर कापड पसरून त्यावर गुडघे टेकावे. खड्डा करून तीन वा चार क्रमांकाचा सांपळा घट्ट बसवावा. माती कापडावर काढावी, चाळून वर पसरावी, उरलेली दूर नेऊन टाकावी. वाटेच्या कडेच्या गवताच्या ठोंबावर, सांपळ्याच्या पलीकडे, गंधाचे थोडे थेंब टाकावे. गंध म्हणून आतां कोयोटीचेंच मूत्र, पित्त व गुदग्रंथि यांस मान मिळाला. शंभर वर्षांपूर्वीं बीव्हरच्या बाबतींत जें ठाऊक होतें तें कोयोटीस येऊन लागूं झालें. पीलच्या राखेचें उत्तरही येथें सांपडतें: लोखंडाचा वास झांकला, पण तेथें वावरलेल्या माणसाचा वास कोणीं झांकला होता?

गंधाचा खरा कस लागला तो मात्र इ. स. १९७० नंतर. इ. स. १९७२ त अमेरिकेच्या अध्यक्षांच्या आज्ञेनें सरकारी जमिनींवर श्वापदांस विष घालण्याची मनाई झाली. कोयोटी किती आहेत हें मोजण्याचीही निकड लागली. त्यासाठीं चाळलेल्या मातीचीं सुमारें एक यार्ड व्यासाचीं वर्तुळें करून मध्यें ठराविक गंध ठेवीत व सकाळीं पावलें पाहत. अशा पद्धतीनें गंध गंधाशीं ताडून पाहणें शक्य झालें. डेन्व्हरच्या सरकारी प्रयोगशाळेनें आंबविलेल्या अंड्याच्या वासाचें पृथक्करण करून त्यांतील आम्लें, अमाइनें व गंधकयुक्त द्रव्यें ओळखलीं आणि इ. स. १९७८ त तें प्रसिद्ध केलें. जो वास कोयोटीस ओढतो तोच हरणास हांकलतो, हेंही त्याच कामांत दिसून आलें. हिंगाचा वासही मुख्यतः गंधकयुक्त द्रव्यांचाच आहे. तेव्हां बेलीच्या कृतींत हिंग हा लुईसच्या जायफळासारखा शोभेचा नव्हता, असें अनुमान आम्ही करतों. सडलें मांस जें सांगे तेंच हिंग टिकाऊपणें सांगे.

आणि तरीही कोयोटी हटला नाहीं. आपल्या हद्दींत तो नव्या वस्तूविषयीं फार सावध असतो व हद्दीबाहेर गेला असतां अधिक सांपडतो, असें पुढील अभ्यासकांनीं नोंदविलें आहे. म्हणजे अनुभवी, वतनदार नर-मादी मागें राहतात आणि बाटलीला बळी पडतो तो भटका तरुण. इ. स. २०२१ या एका वर्षांत अमेरिकन सरकारच्या खात्यानें ६४,००० हून अधिक कोयोटी मारले. मेंढपाळाचें नुकसान खरें आहे, तें आम्ही हलकें लेखीत नाहीं; पण ज्या प्राण्यास लाँगच्या मंडळीनें मिसूरीच्या माळावर पाहिलें तो आज अलास्कापासून पनामापर्यंत व अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत आहे, आणि जबड्यांत पाय अडकून रात्र काढणाऱ्या जनावराच्या यातनेचा हिशेब त्या आंकड्यांत कोठें धरलेला नाहीं.

आपल्या बाडांपुरता एक प्रश्न शिल्लक राहतो. वाघ, लांडगा, कोल्हा किंवा उदमांजर यांस वासानें ओढण्याची कृति मोडी वा बाळबोध लिपींत कोणाच्या संग्रहीं असल्यास, द्रव्यांचीं नांवें व वजनें न बदलतां तिची नक्कल मंडळाकडे पाठवावी. कृतीखालीं ‘अनुभूत’ असा शेरा असल्यास तोही उतरून घ्यावा. आणि तो त्याच हाताचा आहे कीं मागाहून घातलेला, हें शाईवरून पाहून कळवावें.